मंजूर, मंजूर!

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



पंचवीस वर्षांची वाटचाल आधीच्या वक्त्यांनी छान सांगितली. इथे काटेरी बाभळी होत्या, रस्ता नव्हता, पावसाळ्यात चिखलातून स्कूटर ढकलत आणावी लागायची, हे सगळं आपण ऐकलं. कमिटीने मला सुचवलं होतं, "काका, तुम्ही बँकेत होतात, बचतीवर बोला." पण बचत माझ्यापेक्षा समोर बसलेल्या भगिनींना जास्त कळते. म्हणून मी आज एका शब्दावर बोलणार आहे. तो शब्द म्हणजे 'मंजूर'.

आपल्याकडच्या कोणत्याही सहकारी संस्थेची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. साखर कारखाना असो, दूध संस्था असो, गावची विविध कार्यकारी सोसायटी असो. सेक्रेटरी विषय वाचायला घेतात, "विषय क्रमांक चार..." आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मांडवातून आवाज येतो, "मंजूर, मंजूर!" बारा विषय वीस मिनिटांत संपतात आणि लोक जेवायला उठतात. इतिवृत्तात लिहिलं जातं, 'सर्वानुमते मंजूर.'

माझा प्रश्न साधा आहे. सगळ्यांचं मत खरंच तसं होतं, की कोणी विरोध केला नाही एवढंच? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या एकच समजल्यामुळे चांगल्या चांगल्या संस्था अडचणीत आलेल्या मी पाहिल्या आहेत.

एक उदाहरण सांगतो. गावाचं नाव सांगत नाही. नोकरीत असताना दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाखेत माझी बदली झाली. तिथे एका उपसा जलसिंचन संस्थेचं जुनं कर्ज थकलेलं होतं आणि वसुलीचं काम माझ्याकडे आलं. जागेवर जाऊन पाहिलं. जॅकवेल बांधलेली, मोटारी बसवलेल्या, शेतापर्यंत पाइपलाइन टाकलेली. सगळं होतं, फक्त मार्चनंतर नदीला पाणी राहत नव्हतं. आणि शेतकऱ्याला पाणी पाहिजे होतं ते उन्हाळ्यातच. वीजबिल थकलं, कर्ज थकलं, सभासदांच्या सातबाऱ्यावर बोजा चढला.

मी संस्थेचं प्रोसिडिंग बुक मागवलं. योजनेचा ठराव नऊ संचालकांनी सर्वानुमते मंजूर केलेला. वसुलीच्या निमित्ताने मी एकेकाच्या घरी गेलो. चहापाणी झालं. नवांपैकी सहा जणांनी मला वेगवेगळं गाठून, आवाज खाली करून सांगितलं, "साहेब, मला तेव्हाच वाटलं होतं, उन्हाळ्यात पाणी पुरणार नाही."

"मग सभेत बोलला का नाहीत?" असं मी प्रत्येकाला विचारलं. एक म्हणाला, "चेअरमन माझे मामेसासरे." दुसरा म्हणाला, "सगळं गाव खूश होतं, मी कशाला अपशकुन करू?" तिसरा म्हणाला, "एवढी शिकलेली माणसं हो म्हणत होती, मला वाटलं मलाच कळत नसेल." राहिलेल्यांची उत्तरं याच तऱ्हेची होती.

आता हिशेब करा. नवांत सहा म्हणजे बहुमत झालं. ठराव सहज पडला असता किंवा निदान नदीच्या पाण्याची नीट चौकशी झाली असती. पण त्या सहांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की शंका आपल्या एकट्यालाच आहे. यात कोणी पैसे खाल्ले नव्हते. कोणाचा हेतू वाईट नव्हता. सगळी भली माणसं होती.

या प्रकाराला इंग्रजीत 'ग्रुपथिंक' म्हणतात. १९५२ साली विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन पत्रकाराने हा शब्द वापरला आणि १९७२ साली अर्व्हिंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञाने त्यावर पुस्तक लिहिलं. मराठीत त्याला समूहविचार म्हणतात. मला तो शब्द जरा कोरडा वाटतो. मी त्याला 'मांडवातलं एकमत' म्हणतो.

जॅनिसने दिलेलं एक उदाहरण केनेडींचं आहे. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेच्या पाठबळावर सुमारे चौदाशे क्यूबन निर्वासितांनी क्यूबावर चढाई केली. बे ऑफ पिग्ज या ठिकाणी ते उतरले आणि तीन दिवसांत सगळा डाव संपला. हजारावर माणसं पकडली गेली. ही योजना मान्य करताना केनेडींच्या भोवती अत्यंत बुद्धिमान, शिकलेली माणसं बसलेली होती. त्यांच्यात आर्थर श्लेसिंजर नावाचे इतिहासकार होते. त्यांना ही योजना पटलेली नव्हती. त्यांनी खाजगीत टिपण लिहून दिलं, पण भर बैठकीत ते गप्प बसले. पुढे त्यांनी आपल्या पुस्तकात लिहिलं की त्या गप्प बसण्याबद्दल त्यांना स्वतःचाच राग येत राहिला. म्हणजे आपल्या त्या गावातले सहा संचालक आणि अमेरिकेच्या अध्यक्षांचा सल्लागार, दोघांची गत एकच.

असं का होतं? आपल्याकडे त्याला एक नेमका शब्द आहे, भीड. जुनी माणसं म्हणत, भीड ही भिकेची बहीण. भीड म्हणजे भित्रेपणा नव्हे. समोरच्याचं मन मोडू नये, रंगाचा बेरंग होऊ नये, उद्या तोंड दाखवायचंय, ही भावना म्हणजे भीड. ती चांगुलपणातूनच येते. म्हणून जिथे भांडणं फार, तिथे हा रोग कमी असतो. जिथे प्रेम आहे, शेजारधर्म आहे, लग्नकार्यात एकमेकांकडे राबणं आहे, तिथे तो जास्त असतो. बंधू-भगिनींनो, आपली सोसायटी या दुसऱ्या प्रकारातली आहे. याचा मला आनंद आहे, आणि काळजीही त्याचीच आहे.

भिडेबरोबर आणखी एक गोष्ट असते. चारचौघं वेगळं सांगू लागले की माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. १९५० च्या दशकात सॉलोमन अॅश यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. कार्डावर एक रेघ काढलेली. दुसऱ्या कार्डावर तीन रेघा. पहिलीच्या लांबीची यातली कोणती, एवढंच सांगायचं. लहान मूलही सांगेल. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवून ठेवलेले होते आणि ते मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचे. साधारण चारातल्या तीन माणसांनी निदान एकदा तरी त्यांच्या मागे जाऊन चुकीचं उत्तर दिलं. मात्र त्याच प्रयोगात पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं, की दुसऱ्यांच्या मागे जाण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. म्हणजे खरं बोलणारा एक माणूस पुरतो. त्याच्यामुळे दुसऱ्याला धीर येतो.

आता आपल्या इतिहासाकडे या. १४ जानेवारी १७६१, पानिपत. सदाशिवरावभाऊ शूर होते यात वाद नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १७६० च्या सुरुवातीला, उदगीरला त्यांनी निजामाला हरवलं होतं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने तिथे कमाल केली होती. उत्तरेत गेल्यावर सुरजमल जाटाने सल्ला दिला की बायका-मुलं, यात्रेकरू, जड सामान आणि मोठ्या तोफा मागे सुरक्षित किल्ल्यांत ठेवा, हलकं होऊन गनिमी काव्याने लढा. मल्हारराव होळकरांचं मतही तसंच होतं. दोघांनाही त्या मुलखाची आणि त्या लढाईची माहिती होती. पण उदगीरचा विजय ताजा होता, तोफखान्यावर भरवसा होता. सल्ला मानला गेला नाही. पुढे सुरजमल निघून गेला. शेवटी पानिपतावर छावणी कोंडली गेली, अन्नधान्य तुटलं, आणि त्या कोंडीत हजारो बिनलढाऊ माणसं होती. सल्ला मानला असता तर लढाई जिंकलीच असती, असं छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नाही. पण दोन गोष्टी त्यातून घेण्यासारख्या आहेत. मागच्या यशाची धुंदी ही निर्णयाला वाईट. आणि वेगळं बोलणारा एकदा उठून गेला की मागे फक्त होकारच उरतो.

आता यावर उपाय काय? माणसं बदलायला हवीत का? मला नाही वाटत. क्यूबात तोंडघशी पडलेल्या त्याच केनेडींनी दीड वर्षाने, ऑक्टोबर १९६२ मध्ये, रशियाच्या क्षेपणास्त्रांचा पेच हाताळला. जग अणुयुद्धाच्या काठावर उभं होतं. सल्लागारांपैकी बरेचसे तेच होते. पण बैठकीची रीत त्यांनी बदलली. आपल्यासमोर लोक मोकळे बोलत नाहीत हे ओळखून काही बैठकांना ते स्वतः मुद्दाम गेले नाहीत. माणसांचे गट पाडून दोन्ही बाजू वेगवेगळ्या लिहून काढायला सांगितल्या आणि एका गटाला दुसऱ्याच्या चुका शोधायला लावल्या. लगेच हल्ला करा म्हणणाऱ्यांचा जोर होता, तो या चर्चेत कमी झाला आणि युद्ध टळलं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आपली घटना कशी झाली ते पाहा. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्यांचे आभार मानले, त्यात सतत आडवे प्रश्न विचारणारे सभासदही होते. ह. वि. कामत, आपल्या विदर्भातले डॉ. पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू अशी नावं घेऊन ते म्हणाले, त्याचा सारांश असा की पक्षाच्या शिस्तीने सगळे बांधले गेले असते तर ही सभा होयबांची सभा झाली असती. सुदैवाने इथे काही बंडखोर होते. त्या सगळ्यांच्या सूचना त्यांनी मान्य केल्या असं नाही. नामंजूर केल्या तरी त्या सूचनांमुळे घटनेमागची तत्त्वं उलगडून सांगण्याची संधी मिळाली, असं ते म्हणाले. विरोध करणाऱ्याचे जाहीर आभार मानणारा नेता होता, म्हणून ती सभा नुसती 'मंजूर, मंजूर' म्हणून उठली नाही.

आता आपल्या घरातलं बोलू. जुन्या सभासदांना आठवत असेल, मध्यंतरी दोन-तीन चोऱ्या झाल्या आणि मागचं गेट कायमचं कुलूप लावून बंद करायचा ठराव झाला. त्या वेळी मी नोकरीनिमित्त बाहेरगावी होतो, पण प्रोसिडिंग मी वाचलं आहे. दहा मिनिटांत सर्वानुमते मंजूर. सहा महिन्यांनी तेच गेट उघडण्याचा ठराव, तोही सर्वानुमते. कारण मागचं गेट बंद झाल्यावर शाळेत जाणारी मुलं मोठ्या रस्त्याने, ट्रक-ट्रॅक्टरांच्या बाजूने जायला लागली. हे आधी कोणाच्या लक्षात आलं नाही का? ज्या वहिनी रोज मुलांना पोचवायला जायच्या, त्यांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. पण प्लॉट पुरुषांच्या नावावर, म्हणून सभेला पुरुष. ज्यांना माहीत होतं ते सभेत नव्हते, आणि जे सभेत होते त्यांना माहीत नव्हतं.

यातून काही साध्या सवयी लावून घ्याव्यात असं मला वाटतं.

पहिली, वडीलधाऱ्यांनी आणि पदाधिकाऱ्यांनी शेवटी बोलावं. अध्यक्षांनी विषय मांडतानाच "माझं मत असं आहे" म्हटलं की चर्चा तिथेच संपते. सुरुवात सगळ्यात नव्या किंवा तरुण सभासदापासून करा.

दुसरी, मोठ्या खर्चाच्या प्रत्येक विषयाला एका सभासदाला विरोधी बाजू मांडायचं काम नेमून द्या. काम म्हणून दिलं की त्याला भीड राहत नाही आणि कोणाला राग येत नाही. पुढच्या वेळी ते काम दुसऱ्याला द्या.

तिसरी, मोठा ठराव एकाच सभेत संपवू नका. एका सभेत मांडा, पंधरा दिवस जाऊ द्या, दुसऱ्या सभेत ठरवा. मधल्या काळात नोटीस बोर्डाजवळ एक पेटी ठेवा. ज्याला तोंडावर बोलायला अवघड वाटतं त्याने नाव न घालता शंका लिहून टाकावी, आणि सेक्रेटरींनी सगळ्या चिठ्ठ्या सभेत वाचून दाखवाव्यात.

चौथी, सभेत जे येत नाहीत त्यांना विचारा. गृहिणी, भाडेकरू, कॉलेजला जाणारी मुलं, पाणी सोडणारा आपला माणूस. मतदानाचा अधिकार नसेल, पण माहिती त्यांच्याकडे असते.

पाचवी, विरोध झाला तर तो इतिवृत्तात नावासकट लिहा. यात कमीपणा नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे कमिटीच्या निर्णयाची जबाबदारी सगळ्या कमिटी सभासदांवर, एकत्र आणि वैयक्तिकही, येते. मात्र ज्याने आपला विरोध नोंदवला असेल त्याला त्या ठरावासाठी जबाबदार धरता येत नाही. कायद्याने वेगळ्या मताला जागा ठेवलेली आहे. ती आपण वापरत नाही, हा दोष कायद्याचा नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. प्रत्येक विषयाला आडवं लावणं म्हणजे स्वतंत्र विचार नव्हे. तो दुसरा रोग आहे, आणि त्यावर कोणत्याही कायद्यात औषध नाही. शंका निर्णयाच्या आधी विचारायची. निर्णय झाला की विरोध करणाऱ्यानेही पदर खोचून कामाला लागायचं. आणि ज्याची शंका खरी ठरली त्याने "मी म्हणत नव्हतो?" असं पुढची दहा वर्षं ऐकवायचं नाही.

हे सगळं मी आजच का सांगतो आहे? कारण पुढच्या महिन्यात आपल्या सर्वसाधारण सभेपुढे एक मोठा विषय येतो आहे. मधल्या मोकळ्या जागेवर सभागृह बांधायचा. सोसायटीच्या निधीतली जवळजवळ सगळी शिल्लक त्यात जाणार आहे. गेल्या पंधरवड्यात पाच-सहा जण माझ्या ओट्यावर येऊन हळूच म्हणाले, "काका, पाण्याची टाकी पंचवीस वर्षांची झाली, पाइपलाइन गळते, आणि पोरं खेळणार कुठे?" तितकेच जण येऊन म्हणाले, "काका, घरच्या कार्याला हॉलसाठी शहाद्याला किती पैसे मोजावे लागतात, सभागृह झालंच पाहिजे." दोन्ही बाजूंत दम आहे. पण यातला एकही जण कमिटीपुढे हे बोललेला नाही. विचारलं तर उत्तर तयार, "आपले काय करनं शे?" मी दोन्हीकडच्यांना एकच सांगितलं, माझा ओटा म्हणजे सर्वसाधारण सभा नव्हे.

तुम्ही विचाराल, काका, तुमचं मत काय? मत मला आहे. ते मी आज सांगणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने माइकवरून मत सांगितलं तर दहा हात केवळ वयाच्या मानाने वर होतील. मला तसे हात नको आहेत. माझं मत मी सभेत, सगळ्यांच्या शेवटी सांगीन, आणि ते पडलं तरी वर्गणी वेळेवर भरीन.

अध्यक्षांना माझी एवढीच विनंती आहे. आज रौप्यमहोत्सव आहे, मांडव सजलाय, मन भरून आलंय. अशा वेळी उत्साहात कोणी सभागृहाची घोषणा करू नका. पुढच्या सभेत टाकी आणि पाइपलाइनच्या दुरुस्तीचा अंदाज, सभागृहाचा खर्च आणि दरवर्षीचा देखभालीचा खर्च, असे तीन आकडे एका कागदावर लिहून प्रत्येक घरात आठ दिवस आधी पोचवा. घरातल्या सगळ्यांनी तो वाचावा. वहिनींनी आणि मुलांनी सभेला यावं. मग जे काय ठरेल ते ठरेल. सभागृह झालं तर त्याच्या पायाभरणीला मी येईन, आणि टाकी दुरुस्त झाली तर तिचं पहिलं पाणीही प्यायला येईन.

आणि हो, आता सेक्रेटरी आभाराचा ठराव मांडतील. त्याला मात्र तुम्ही खुशाल एका आवाजात 'मंजूर' म्हणा. आतून जेवणाचा वास यायला लागला आहे, त्या विषयावर खरोखरच सर्वांचं एकमत असणार.